जोती उंच, वस्ती पाण्यात

वाढत्या उपनगरात घर बांधायला काढलं की गवंडी, शेजारी, मेहुणा, सगळे एकच सल्ला देतात: जोतं उंच घ्या. रस्त्यापासून तीन फूट तरी हवंच. सल्ला अनुभवाचा असतो, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. मागच्या पावसाळ्यात ज्याने घरातलं पाणी बादलीने उपसलंय तो दुसरं काय सांगणार? पण शेजारचं घर काही वर्षांपूर्वी दीड फुटाच्या जोत्यावर उभं राहिलेलं असतं. नव्या घराने भराव घातला, आवारभर फरशी केली, कुंपणाची भिंत पक्की बांधली, की आजवर मोकळ्या प्लॉटवर पसरून जिरणारं पाणी त्या जुन्या घराच्या दाराशी येतं. जुन्या घराचा मालक मग उंबऱ्यापुढे वीतभर सिमेंटचा बांध घालतो. पाणी तिथून वळून पुढच्या घरात शिरतं. असं करत करत प्रत्येकाने आपापलं घर वाचवलेलं असतं आणि वस्ती मात्र दर पावसाळ्यात बुडत असते.

उष्ण कटिबंधातल्या वाढत्या उपनगरांविषयी बोलताना आपण कायम काय नाही त्याची यादी करतो. नळाला पाणी नाही, ड्रेनेज नाही, दिवे नाहीत, बस येत नाही. यादी खरीच आहे. मला त्याहून मोठं दुखणं वाटतं ते हे, की इथं जे काही आहे ते प्रत्येकाने स्वतःपुरतं केलेलं आहे, आणि एकाची सोय सरळ दुसऱ्याच्या अंगावर जाते. थंड प्रदेशात माणसाने भिंती जाड केल्या, खिडक्या घट्ट लावल्या, तर शेजाऱ्याचं काही बिघडत नाही. इथं ऊन आणि पाऊस दोन्ही इतके जोरकस आहेत की घराबाहेर ढकललेलं पाणी आणि घराबाहेर फेकलेली उष्णता कुठंतरी जाऊन बसतेच. ते ‘कुठंतरी’ बहुतेक वेळा शेजारी असतं.

पावसाचाच हिशेब करून बघा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. २०० चौरस मीटरच्या प्लॉटवर तासाभरात ६० मिलिमीटर कोसळला, आणि उष्ण कटिबंधात असा तास दर पावसाळ्यात येतो, तर त्या एका प्लॉटवर १२,००० लिटर पाणी जमा होतं. जमीन मातीची असेल तर त्यातलं बरंच जिरतं, उरलेलं रेंगाळत जातं. स्लॅब, फरशी आणि सिमेंटमध्ये बसवलेले पेव्हर ब्लॉक असतील तर जवळजवळ सगळं पाणी मिनिटांत रस्त्यावर येतं. अशी पन्नास घरं एका उताराला असली की सहा लाख लिटर. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लंडनमध्ये वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पडतो. म्हणजे तिथला दीड वर्षाचा पाऊस इथं एका दिवसात. तो दिवस अपवादाचा होता हे मान्य. पण अपवाद सोडला तरी साधा जोराचा तासभर पाऊसच गटारांची परीक्षा घ्यायला पुरतो, आणि आपण गटारांचं काय केलंय ते बघण्यासारखं आहे.

रस्त्याकडेला एक उघडं गटार असतं. फूटभर रुंद, तेवढंच खोल, कधीकाळी उतार बघून बांधलेलं. घर झालं की गाडी आत न्यायला त्यावर रॅम्प लागतो. रॅम्पखाली गटाराच्या मापाचा पाइप टाकावा एवढीच अपेक्षा असते, पण बांधकामातून उरलेला चार इंची पाइप हाताशी असतो, तोच टाकला जातो. शेजारचा सहा इंची टाकतो. त्याच्या पलीकडचा पाइपच टाकत नाही, कारण ‘एरवी गटारात पाणी नसतंच’. पावसाच्या पहिल्या सरीबरोबर वाळू, पिशव्या, नारळाच्या झावळ्या वाहत येतात आणि सगळ्यात बारीक पाइपाच्या तोंडाशी अडकतात. त्या पाइपाच्या मागची सगळी गल्ली तुंबते. सफाई करायची तर रॅम्प फोडावा लागेल, आणि कुणाच्या दारातला रॅम्प फोडायचा यावरून जे होतं ते लिहायला नको. चार घरांनी मिळून एक मापाचा पाइप ठरवला असता तर एकट्याने घातला त्याहून खर्च फार वाढला नसता.

याच्या जोडीला रस्ता स्वतःच वर चढत असतो. डांबर उखडलं की जुना थर खरवडून नवा टाकायचा, ही पद्धत कागदावर असते. प्रत्यक्षात जुन्यावरच नवा थर चढतो. दर खेपेला दोन-तीन इंच म्हटलं तरी काही वर्षांत रस्ता जुन्या घरांच्या ओट्याला लागतो. जिथं पूर्वी दोन पायऱ्या चढून घरात जायचं तिथं आता एक पायरी उतरून जावं लागतं. या घरांत बहुधा वस्तीतले सगळ्यात जुने लोक राहतात. इथं काहीच नव्हतं तेव्हा आलेले, कंदिलावर दिवस काढलेले. सगळं पाणी आता त्यांच्याकडे.

घर उंचावर हवं हे उष्ण कटिबंधातल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मलाय खेड्यांतली जुनी घरं, कंबोडियात तोन्ले साप सरोवराकाठची घरं खांबांवर उभी असतात. त्यांत घर वर जातं, जमीन होती तिथंच राहते आणि पाणी खालून निघून जातं. आपण घराबरोबर जमीनही उचलतो. भरावाच्या दहा ट्रक मातीने जेवढी जागा अडते तेवढं पाणी दुसरीकडे जागा शोधतं. खांबांवरच्या इमारती आपल्याकडेही आहेत, खाली पार्किंग असतं. पण वर्षा-दोन वर्षांत तिथं एक दुकान, एक कार्यालय, वॉचमनची खोली उभी राहते आणि शेवटी चारी बाजूंनी भिंत.

जमिनीखाली हीच शर्यत उलट दिशेने चालते. नळ नाही म्हणून बोअर. शेजाऱ्याने जास्त खोल बोअर मारली की आपली आटते, मग आपण त्याहून खोल जायचं. याचं टोक बघायचं तर जकार्ता बघावं. नळाचं पाणी सगळीकडे पोहोचलं नाही, म्हणून घरांनी, कारखान्यांनी, हॉटेलांनी जमिनीतून उपसा केला. उत्तर जकार्ताचे काही भाग त्यामुळे काही दशकांत काही मीटर खचले, समुद्र अडवायला भिंती उभाराव्या लागल्या. २०१९ मध्ये इंडोनेशियाने राजधानीच दुसऱ्या बेटावर हलवायचं जाहीर केलं, त्यामागच्या कारणांत हे खचणंही होतं. त्यातल्या एकट्या बोअरवाल्याकडे बोट दाखवून ‘तुझ्यामुळे शहर बुडालं’ असं म्हणता येणार नाही. बोअरपासून काही पावलांवर शोषखड्डा असतो, आपला किंवा शेजाऱ्याचा. त्यात मुरणारं सांडपाणी बोअरपर्यंत पोहोचू शकतं, त्याबद्दल तर कुणी बोलतच नाही.

पाणी रोज येत नाही म्हणून ते साठवलं जातं. पिंप, हौद, गच्चीवरच्या टाक्या, मोरीतली भांडी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला हेच हवं असतं. मादी भांड्याच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात, पाणी परत त्या उंचीला आलं की फुटतात आणि उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत डास तयार होतो. हा डास फार लांब उडत नाही, फार तर काहीशे मीटर. म्हणजे एका घरातल्या झाकण नसलेल्या पिंपाचा हिशेब त्याच गल्लीत चुकता होतो. धूर फवारणारी गाडी आली की सगळ्यांना काहीतरी झाल्याचं समाधान मिळतं. भांड्यात चिकटलेल्या अंड्यांना त्या धुराने काही होत नाही.

उन्हाची गोष्ट पाण्याइतकी दिसत नाही, त्यामुळे तिच्यावर भांडणंही होत नाहीत. एसी थंडी तयार करत नाही, घरातली उष्णता बाहेर नेऊन टाकतो. तीन भाग उष्णता उचलायला साधारण एक भाग वीज लागते आणि बाहेर पडतात चार भाग. दहा फुटांच्या बोळात हे चार भाग समोरच्या खिडकीत जातात. समोरचा खिडकी बंद करतो, काही दिवस पंख्यावर काढतो आणि मग तोही एसी घेतो. ज्याला परवडत नाही त्याची खोली दोन्ही बाजूंनी तापते.

सावलीबाबत आपली समजूतच उसनी आहे. कटिबंधाबाहेरच्या शहरांत सूर्य कललेला असतो, त्यामुळे इमारतींची सावली रस्त्यावर पडते. इथं वर्षातला बराच काळ दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि तीन मजली इमारतीची सावली तिच्याच पायाशी गोळा होते. शाळा सुटून मुलं चालत येतात त्या वेळी रस्त्यावर सावली देऊ शकेल असं एकच असतं, डोक्यावर पसरलेलं काहीतरी. झाड किंवा छप्पर. आणि झाड कुणाच्याच हिताचं नसतं! पानं गटारात पडतात, मुळं कुंपणाला तडे देतात, गाडी लावायची जागा जाते. प्रत्येक तक्रार खरी आहे. म्हणून झाड एकेका मालकाच्या मर्जीवर सोडलं की ते तुटतंच. सावलीची गरज चालणाऱ्याला असते, आणि तोडण्याचा निर्णय ज्याच्या हाती तो गाडीतून जातो. सिंगापूरने १९६३ मध्ये वृक्षारोपणाची मोहीम सुरू केली आणि पुढे रस्ते आखतानाच कडेला झाडांसाठी पट्टा राखून ठेवायचं ठरवलं. ‘त्यांच्याकडे पैसा आहे’ हे उत्तर इथं चालत नाही. १९६३ चं सिंगापूर श्रीमंत नव्हतं. त्यांनी घरं बांधण्याआधी जागा ठेवली, एवढंच. उष्ण कटिबंधात झाडं भराभर वाढतात, आठ-दहा वर्षांत रस्ता झाकला जातो. निसर्गाने दिलेली एवढी मोठी सवलत आपण घेत नाही.

दिव्यांचंही तसंच. विषुववृत्ताच्या जवळ वर्षभर संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराला अंधार पडतो, आणि संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाही. शहरातून कामावरून परतणारी बाई जवळजवळ रोज अंधारातच शेवटचा टप्पा चालते. तरीही बहुतेक घरांचा फाटकावरचा दिवा आतल्या गाडीवर रोखलेला असतो.

आता यातून सुटायचा मार्ग म्हणून भिंतीआडच्या वसाहती विकल्या जातात. स्वतःचं पाणी, स्वतःचं ड्रेनेज, स्वतःची वीज, स्वतःची राखण. एका घराने जे केलं तेच पाचशे घरांनी मिळून करायचं, म्हणजे जोतं आणखी मोठं करायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरूच्या पूर्वेकडच्या आयटी पट्ट्यात अशा महागड्या बंगल्यांच्या वसाहतींमधून लोकांना ट्रॅक्टरवर आणि बोटींवर बसवून बाहेर काढावं लागलं. तलावांना जोडणारे नाले बुजवून जिथं बांधकामं झाली तिथं पाणी आलं, ते फाटकावर थांबलं नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच शहराच्या कडेच्या वसाहती टँकरची वाट बघत होत्या. एकाच जागी पूर आणि टंचाई हे विचित्र वाटतं खरं, पण पावसाळ्यात आलेलं पाणी घाईघाईने बाहेर ढकलायचं ठरवलं की उन्हाळ्यात प्यायला ते राहणार कुठून?

यावर समोरून येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो रास्त आहे. लोक हौस म्हणून हे करत नाहीत. पालिकेची पाइपलाइन येईल तेव्हा येईल, तोवर मुलांना काय पाजायचं? पोटाला चिमटा काढून घर बांधलेल्या माणसाला ‘सार्वजनिक हिताचा विचार करा’ असं सांगणं हा शुद्ध उद्धटपणा आहे. शिवाय या वस्त्या बऱ्याचदा शहराच्या हद्दीबाहेर सुरू होतात. शेताचे प्लॉट पडतात, बैलगाडीची वाट हाच रस्ता होतो, घरं भरतात आणि हद्द मागाहून येते. तोवर पाइप टाकायलाही जागा उरलेली नसते. दोष एकट्या घरमालकाचा नाही हे मी मान्य करतो. ‘म्हणून दुसरा मार्ग नव्हता’ हे मात्र मान्य करत नाही, कारण याहून गरीब वस्त्यांनी दुसरा मार्ग काढलेला आहे.

ब्राझीलच्या ईशान्य टोकाला नताल नावाचं शहर आहे. तिथं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जोझे कार्लोस द मेलो या अभियंत्याने ड्रेनेजची वेगळी रचना वापरली. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक घराची जोडणी रस्त्याखालच्या खोल वाहिनीला स्वतंत्र जाते. इथं चारी बाजूंनी रस्ते असलेल्या एका गटातली घरं आधी आपसांत जोडायची, परसातून किंवा फुटपाथखालून. तिथं वाहनांचा भार नसतो, त्यामुळे पाइप उथळ आणि लहान चालतो. मग सगळ्या गटाची मिळून एकच जोडणी मुख्य वाहिनीला. खर्च बराच कमी येतो. पण त्यासाठी एक अट असते: पाइप परसातून न्यायचा की पुढून, तुंबला तर काढायचा कुणी, हे शेजाऱ्यांनी बसून आधी ठरवायचं. ते जमलं. नव्वदच्या दशकात राजधानी ब्रासिलियाने हीच पद्धत श्रीमंत आणि गरीब दोन्ही वस्त्यांसाठी स्वीकारली.

पाकिस्तानातल्या कराचीची ओरंगी ही गरीब वस्ती कटिबंधाच्या रेषेच्या किंचित वर पडते, पण उदाहरण सोडवत नाही. १९८० मध्ये अख्तर हमीद खान या समाजशास्त्रज्ञांनी तिथं ओरंगी पायलट प्रकल्प सुरू केला. वीस-तीस घरांची एक गल्ली, तिने आपल्यातला एक प्रमुख निवडायचा, पैसे गोळा करायचे, आणि प्रकल्पाच्या लोकांनी दिलेल्या आखणीनुसार गल्लीतलं ड्रेनेज आपणच टाकायचं. लोकांनी स्वतःच्या पैशांनी हजारो गल्ल्यांत ते केलं. शेजारधर्मावर भाषणं देऊन हे झालेलं नाही. उतार मोजून, कोणाच्या दाराशी चेंबर येणार हे ठरवून, वर्गणी चुकवणाऱ्याच्या घरी चार जणांनी जाऊन हे झालं.

गाव करील ते राव काय करील, असं आपण म्हणतो. ओरंगीच्या लोकांना या म्हणीची हद्दही लवकर कळली. गल्लीतला पाइप गल्ली टाकते, पण तो पुढं नाल्यात सुटतो, आणि नाला रुंद ठेवणं, मोठी वाहिनी टाकणं, सांडपाण्यावर प्रक्रिया करणं गल्लीच्या आवाक्यातलं नसतं. ते रावाचंच काम. चेन्नईचा अनुभव याला दुजोरा देतो. तमिळनाडूने २००३ मध्ये प्रत्येक इमारतीला पाऊस साठवणं किंवा जिरवणं सक्तीचं केलं. घरोघरी करायच्या उपायांपैकी हा फार चांगला उपाय, विहिरींची पातळी वाढल्याचं लोकांनी पाहिलंही. तरी २०१५ च्या डिसेंबरात शहर बुडालं आणि २०१९ च्या जूनमध्ये कोरडं पडलं. त्याचं एक कारण हे, की दरम्यान पल्लीकरणैसारखी पाणथळ जागा भराव, रस्ते आणि कचरा यांनी आक्रसत गेली होती. घरांनी आपलं काम करून भागत नाही. पण घरांनी केलंच नाही तर सरकारने कितीही मोठा नाला बांधला तरी तो पुरत नाही, हेही तितकंच खरं. सिंगापूरने २०१४ पासून ०.२ हेक्टर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर नवं बांधकाम करताना पावसाचं पाणी आवारातच थोपवून सावकाश सोडणं बंधनकारक केलं. नाले वाढवत राहायला जागा नाही हे त्यांनी उघडपणे मान्य केलं.

मला यातून एकच गोष्ट सगळ्यांत आधी हवी आहे आणि ती फारशी आकर्षक नाही: पातळी. ले-आउट मंजूर होताना रस्त्याची अंतिम उंची आकड्यात ठरावी आणि कोपऱ्यावरच्या दगडावर कोरली जावी. डांबराचा नवा थर टाकायचा तर जुना खरवडूनच, आणि त्या दगडाला धरून. जोतं त्या उंचीवरून मोजावं. बांधकाम नियमांत जोत्याची किमान उंची असते, पण भरावाला वरची मर्यादा क्वचितच दिसते, ती असावी. आवारातली ठरावीक जागा मातीची राहावी, आणि घराला भोगवटा प्रमाणपत्र देताना रॅम्पखालचा पाइप मोजावा. यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही, लेव्हल मशीन कुठल्याही कंत्राटदाराकडे असतं. चौकाचौकांत कॅमेरे बसवून ‘स्मार्ट’ म्हणवून घेण्यापेक्षा खर्चही कमीच येईल. अडचण अशी की याचं उद्घाटन करता येत नाही. दगडावर कोरलेल्या आकड्याची फीत कोण कापणार?

दुसरं, जिथं वसाहतींनी स्वतःची सांडपाणी केंद्रं बांधली आहेत तिथं ती चालवायची जबाबदारी रहिवाशांच्या समितीवर टाकणं थांबवावं. समितीतले लोक नोकऱ्या सांभाळून हे करतात, केंद्र महिनाभर बंद पडलं तरी बाहेर कुणाला कळत नाही आणि पाणी रात्री नाल्यात सोडलं जातं. मलेशियात १९९० च्या दशकापासून बिल्डरांनी बांधलेली अशी केंद्रं सांडपाणी सेवेच्या राष्ट्रीय कंपनीकडे चालवायला सोपवण्याची पद्धत आहे. त्यातही अडचणी आहेत, लहान लहान केंद्रांचा पसारा महाग पडतो. पण निदान जाब कुणाला विचारायचा हे ठाऊक असतं.

प्लॉट बघायला जाणारा माणूस खूप प्रश्न विचारतो. सात पिढ्यांची कागदपत्रं, बोअरला पाणी किती फुटांवर, स्टेशन किती लांब, शाळा कोणती. या रस्त्यावरचं पावसाचं पाणी शेवटी जातं कुठं, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर विकणारा हात लांब करून ‘तिकडं, पुढं’ असं दाखवतो. पुढचा प्लॉटही त्यानेच विकलेला असतो.